रिपोर्टमध्ये जंतू आहे, तरी आबांना घरी आणू का?

पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्यांचं वय ३८, स्वतःचं मेडिकल दुकान. वडील ६७ वर्षांचे, कापूस-सोयाबीन करणारे शेतकरी, बारा वर्षांपासून शुगर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. 'आठ दिवसांत घरी जाल' असं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी दम लागला, आयसीयूत हलवलं, नऊ दिवस व्हेंटिलेटरवर गेले. रक्ताच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) मेरोपेनेम या कडक अँटिबायोटिकला दाद न देणारा 'क्लेबसिएला' जंतू निघाला. कोलिस्टिन हे दुसरं अँटिबायोटिक सुरू केलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आल्याची रक्तातली खूण, वाढलं. मग आणखी महागडी इंजेक्शनं. आज एकेचाळिसावा दिवस. ताप नाही, दम नाही, वॉकर धरून उभे राहतात. लघवीची नळी मात्र अजून आहे आणि लघवीच्या कल्चरमध्ये तोच जंतू पुन्हा आला आहे. डॉक्टर म्हणतात, 'याला औषध नको, घरी न्या.' घरी बहीण बाळंतपणाला आलेली, बाळ दीड महिन्याचं. ती घाबरून म्हणते की आबा घरी येणार असतील तर मी सासरी जाते. चाकणला कंपनीत असलेला धाकटा भाऊ म्हणतो, रुग्णालयानेच हा जंतू दिला, केस करू. आणि पत्राच्या शेवटी, वेगळ्या शाईत लिहिलेली एक ओळ: 'दहा वर्षं आबांना दुकानातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मीच देत आलो. हे माझ्यामुळे झालं का?'

उत्तर:

सगळं पत्र काळ्या शाईत आणि ती शेवटची ओळ निळ्या. म्हणजे ती नंतर लिहिली असावी, बहुतेक रात्री, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, कुणाकडून तरी पेन मागून घेऊन. त्या ओळीकडे मी येणार आहे. पण डिस्चार्ज तोंडावर आहे, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोनवरच कळवलं होतं: आबांना घरी आणा. इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अशा अर्थाची पत्रं अलीकडे नांदेड, लातूर, बीड, सगळीकडून येऊ लागली आहेत.

मी मायक्रोबायोलॉजीची, म्हणजे जंतुशास्त्राची. निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजांच्या लॅबमध्ये कल्चरच्या प्लेटा वाचल्या. त्यामुळे तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोंकडे मी जरा जास्तच वेळ पाहिलं. 'रिपोर्ट अजून पॉझिटिव्ह आहे' असं तुम्ही लिहिता. करोनाने आपल्या डोक्यात हे पक्कं बसवलं की पॉझिटिव्ह म्हणजे आजारी आणि निगेटिव्ह म्हणजे बरा. या जंतूंचा हिशेब तसा नाही. क्लेबसिएला मुळात आतड्यात राहणारा. धडधाकट माणसांच्या पोटातही तो असतो. लघवीची नळी काही आठवडे राहिली की तिच्या आतून जंतूंचा चिकट थर धरतो, रांजणाच्या आतल्या बाजूला शेवाळ धरतं तसा. त्या नळीतून घेतलेल्या नमुन्यात जंतू आला नसता तर मला नवल वाटलं असतं. ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, माणूस भाकरी मागतोय. म्हणजे जंतू मुक्कामाला आहे, पण त्याने आजार केलेला नाही. अशा वेळी अँटिबायोटिक दिलं तर जंतू जात नाही. उलट जी एक-दोन औषधं अजून लागू पडतात तीही हातची जातात. गर्भवती बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेला रुग्ण एवढे दोन अपवाद सोडले तर जगभर हाच नियम आहे. तुमचे डॉक्टर औषध देत नाहीत हा निष्काळजीपणा नाही. मला तर त्यांचं कौतुक वाटलं, कारण नातेवाइकांनी धोशा लावला की अजून एक कोर्स लिहून मोकळं होणं फार सोपं असतं.

तुम्ही विचारलंत, 'घरी एवढं चालतं, तर तिथे गाऊन आणि हातमोजे घातल्याशिवाय आम्हाला आत का सोडत नव्हते?' प्रश्न रास्त आहे. आबांच्या शेजारच्या खाटेवर ज्याच्या मानेत सलाईनची मोठी नळी आहे, घशात व्हेंटिलेटरची नळी आहे, पोटावर ताजी जखम आहे, त्याच्यासाठी हाच जंतू जीवघेणा. आणि एकाच सिस्टरचे हात दिवसातून दहा खाटांना लागतात. घरी ना त्या नळ्या, ना त्या जखमा. हा जंतू खोकल्यातून गावभर उडत नाही. तो हातांवरून जातो, ओलसर जागी टिकतो आणि शरीरात शिरायला त्याला वाट लागते. तुमच्या बाळाच्या अंगात अशी कुठली वाट नाही. नऊ महिने पुरे भरून झालेलं, अंगावर पिणारं, नाळ कधीच पडलेली. बाळ दिवस भरायच्या आत झालं असतं किंवा काचेच्या पेटीत राहून आलं असतं, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा असं मी म्हटलं असतं. बहिणीने सासरी जायचं काही कारण नाही.

भीती वाटते हे चुकीचं नाही. पण तुमच्या घरात ती चुकीच्या जागी खर्च होते आहे. सगळ्यांनी ती आबांच्या अंगावर नेऊन ठेवली आहे. ठेवायला हवी होती त्या नळीवर.

म्हणून घर झाडून-पुसून ठेवण्याआधी एक काम रुग्णालयातच करा. ही नळी आज कशासाठी आहे, हे डॉक्टरांना विचारा. ऑपरेशन होऊन सहा आठवडे होत आले, माणूस उभा राहतो, मग नळी का? प्रोस्टेटमुळे लघवी अडते असं कारण असेल तर ती वेगळी गोष्ट. पण पुष्कळदा खरं उत्तर 'राहून गेली' हेच असतं. राऊंडला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणीतरी ठरवून ठेवली असेल. नातेवाइकांनाही ती सोयीची वाटते, चादर ओली होत नाही, रात्री उठावं लागत नाही. पण नळीचा एकेक दिवस म्हणजे जंतूला दिलेलं एकेक दिवसाचं भाडं. काढता येत असेल तर काढून, आपणहून लघवी होते हे तिथेच पाहून, मगच घरी आणा. चार दिवस युरीन पॉट धरावा लागला तर धरा.

नळी ठेवावीच लागली, तर पिशवी कायम कमरेच्या खाली असू द्या, पण जमिनीला टेकू देऊ नका. खाटेच्या कडेला अडकवा. गाडीतून आणताना ती आबांच्या मांडीवर ठेवतात, तसं करू नका, साचलेली लघवी उलटी आत जाते. नळी आणि पिशवीचा जोड उघडायचा नाही. पिशवी काठोकाठ भरायची वाट पाहायची नाही. आणि नळी बदलायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, तोंडी नको.

आता हात. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावाला 'सारखे हात धुवा' म्हणून सांगणं सोपं आहे, मला माहीत आहे. मीही टिपाडातलं पाणी पुरवून वापरत वाढले. ओंजळभर पाण्याने हात ओले करा, साबणाचा फेस वीस सेकंद बोटांच्या बेचक्यांत, नखांत फिरवा, तेव्हा पाणी बंद. मग अर्ध्या तांब्यात हात स्वच्छ होतात. मात्र टिपाडात तांब्या बुडवून घ्यायची सवय मोडा, खाली तोटी बसवून घ्या. हात दिसायला स्वच्छ असतील तर तुमच्याच दुकानातलं सॅनिटायझर चालतं. आबांचे कपडे, चादरी नेहमीच्या साबणाने, जमलं तर कढत पाण्याने धुवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात कडक वाळू द्या. संडास एकच असेल तर त्यांच्या वापरानंतर ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, बहिणीचे टाके अजून ओले असतील तर हे विशेष पाळा. टॉवेल वेगळा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, ती करूही नका. वेगळं ताट माणसाला काय सांगतं ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात लिहिली नाही पण मला दिसते. घरी आबांचं सगळं कोण करणार? आई. आणि बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी कोण देणार? तीच आई. हीच तेवढी धोक्याची जागा आहे: पिशवी रिकामी करणारे हात आणि बाळ चोळणारे हात एकच असणं. तेव्हा लघवीची पिशवी, आबांचे ओले कपडे, पाठ पुसणं ही कामं तुमची. दुकान उघडायच्या आधी आणि रात्री शटर ओढल्यावर. मधल्या वेळेला दुकानातल्या पोराच्या भरवशावर दहा मिनिटं येऊन जा. इथे बरेच मुलगे 'बायकोला सांगतो' म्हणतात. तुम्ही म्हणणार नाही असं धरून चालते.

नळीतून सुटका झाली आणि हात धुतले गेले, की बाळ आबांच्या मांडीवर द्या. एकेचाळीस दिवस त्या माणसाला हातमोज्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. 'असं काय झालंय मला, की पोरगी लेकरू दाखवायलाबी येईना?' हे त्यांचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, मी तिथे थांबले. एकट्या खोलीत ठेवलेल्या रुग्णांकडे डॉक्टर-सिस्टरांच्या फेऱ्या कमी होतात, ते खचतात, रात्री-दिवसाचं भान सुटून बरळतात. आयसीयूत आबा 'बैलं सोडा' म्हणून ओरडत होते, त्याला तुम्ही वेड लागलं समजलात. ते वेड नव्हे. वय, ताप, औषधं आणि खिडकी नसलेली खोली यांनी होणारा तात्पुरता गोंधळ असतो. गोठा, अंगण, ओळखीचे आवाज यांनी तो बहुतेक वेळा निवळत जातो.

आठाचे एकेचाळीस दिवस का झाले, तेही जरा सांगते, कारण तुमच्या भावाचा अर्धा राग इथे आहे. लोकांना वाटतं असा जंतू जास्त 'विषारी' असतो. तसं काही नसतं. साधा क्लेबसिएला आणि हा क्लेबसिएला, दोघांचा चावा साधारण सारखाच. फरक पडतो वेळेत. कल्चरमध्ये जंतू वाढायला, मग कुठल्या औषधाला तो मरतो ते पाहायला, दोन ते तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात. जंतू साधा असेल तर अंदाज लागतो. असा असेल तर ते दोन-तीन दिवस रुग्ण औषध चालू असूनही औषधाविना असतो, आणि रक्तात जंतू असताना तास मोजायचे असतात. नंतर जे औषध लागू पडतं ते मागच्या फळीतलं. कोलिस्टिन १९५०च्या दशकाच्या शेवटी वापरात आलं आणि मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून १९७० नंतर बाजूला पडलं होतं. दुसरं काही उरलं नाही म्हणून ते कपाटातून परत काढावं लागलं. आबांचं क्रिएटिनिन वाढलं ते त्यामुळे असू शकतं. मग मूत्रपिंडासाठी थांबा, खाटेवर पडून मांड्यांचं मांस झडलं, पाठीला जखम झाली, खुब्याचा व्यायाम लांबला. जंतू एकच, पण त्याच्यामागून आलेली ही सगळी वरात. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२.७ लाख माणसं थेट अशा जंतूंमुळे दगावली असा अंदाज आहे. आबा त्यातून परत आले, हे मी नुसतं दिलासा द्यायला म्हणत नाही. त्यांच्या वयात, शुगर असताना, रक्तात हा जंतू असताना परत येणं सोपं नसतं.

मग हा जंतू दिला कुणी? रुग्णालयानेच, असं भाऊ म्हणतो. शक्य आहे. व्हेंटिलेटरची नळी, घाईत न धुतलेले हात, बेसिनची ओली कड, सगळं शक्य आहे. पण हेही शक्य आहे की जंतू आबांच्या आतड्यात आधीपासून होता आणि अंगात नळ्या गेल्यावर त्याला वाट सापडली. आपल्या देशात असे जंतू गटाराच्या पाण्यात सापडतात, आजारी नसलेल्या माणसांच्या पोटात सापडतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या अलीकडच्या अहवालांत क्लेबसिएलाचे निम्म्याहून जास्त नमुने मेरोपेनेमच्या जातीच्या औषधांना दाद देत नाहीत. अशा ठिकाणी एका माणसाच्या जंतूचं माहेर शोधायचं तर शेजारच्या रुग्णांच्या जंतूंशी त्याची जनुकं ताडून पाहावी लागतात, आणि ते एवढ्या दिवसांनी बहुधा होत नाही. कायद्याच्या नजरेतही नुसता संसर्ग झाला म्हणजे हलगर्जी झाली असं ठरत नाही. नेमकी कुठली काळजी घ्यायला हवी होती आणि घेतली नाही, हे दाखवावं लागतं.

तरी गप्प बसा असं मी म्हणत नाही. आधी कागद मिळवा. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मग भेटीची वेळ मागून शांतपणे विचारा: त्याच महिन्यात आयसीयूत आणखी कुणाला हा जंतू निघाला होता का? तुमची संसर्ग नियंत्रण समिती आहे का, तिने या केसची नोंद घेतली का? उत्तरं सरळ मिळाली तर रागाचा बराच भाग तिथेच उतरेल. टाळाटाळ झाली, कागदांत खाडाखोड दिसली, तर ती फाईल दुसऱ्या डॉक्टरला दाखवा आणि मग वकिलाला. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. आजच, डिस्चार्जच्या काउंटरवर भांडायची गरज नाही. आणि भावाशी बोलताना एवढं लक्षात असू द्या की तो एकेचाळीस दिवसांत दोनदाच येऊ शकला. लांब राहिलेल्या मुलाचा राग नेहमी मोठा असतो, त्यातला थोडा त्याचा स्वतःवरचा असतो.

तसाच थोडा राग तुमचाही आहे. आलो आपण निळ्या शाईपाशी.

तुम्ही शेतकऱ्याचे पोर आहात, तर शेतातूनच सांगते. २००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी हटली म्हणून सगळे खूश. कापसाच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची एक छोटी पुडी यायची, ती कडेच्या ओळींना पेरायची होती, म्हणजे साध्या अळ्या जिवंत राहतील आणि औषध पचवणाऱ्या अळ्यांचंच राज्य होणार नाही. किती जणांनी पेरली? बहुतेक पुड्या बांधावर गेल्या. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात बोंडं पोखरली तेव्हा दोष कुणाचा होता? एका शेतकऱ्याचा म्हणावा तर नाही, आणि कुणाचाच नाही म्हणावं तर तेही नाही. अँटिबायोटिकचं तसंच आहे. आबांना तीन-तीन दिवस दिलेल्या सेफिक्झिममधून मेरोपेनेम पचवणारा जंतू घडला, असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. पण प्रत्येक गोळीने त्यांच्या आतड्यातलं साधं गवत मारलं आणि चिवट तणाला जागा करून दिली. आणि जंतू बोंडअळीच्याही पुढचा आहे. अळी आपला गुण पिल्लांनाच देते. जंतू शेजाऱ्याला, परक्या जातीच्या जंतूलाही, हातोहात देऊन टाकतो. शरीराला औषधाची सवय होते असं लोक म्हणतात, तुम्हीही लिहिलंय. सवय शरीराला होत नाही, जंतूंच्या वस्तीला होते, आणि ती वस्ती घरातल्या सगळ्यांची मिळून असते.

अजून एक समज सोडा. 'कोर्स अर्धवट सोडला म्हणून झालं' असं तुम्हाला वाटतं, म्हणजे पाच दिवस दिल्या असत्या तर तुम्ही सुटला असता! डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स आपल्या मनाने तोडू नये हे खरंच. पण सर्दी-पडशाला, विषाणूच्या तापाला पूर्ण कोर्स दिला तर अर्ध्यापेक्षा नुकसान जास्त, कमी नाही. चूक दिवसांच्या मोजणीत नव्हती, गोळी सुरू करण्यात होती.

हे सांगताना मी फार उंचावर बसलेली नाही. माझ्या मुलाच्या बारावीच्या परीक्षेआधी त्याला कणकण आली तेव्हा घशाचा नमुना न घेता मी त्याला अझिथ्रोमायसिन दिलं होतं. लॅबमध्ये दिवसभर रेझिस्टन्स (कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाही ते) वाचून संध्याकाळी घरी जाऊन. भीतीपुढे शिक्षण टिकत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून तुमच्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या बाईचं मला कळतं. 'कडक गोळी द्या, उद्या वेचणीला जायचंय, रोज बुडतो' असं ती म्हणते. तिला दवाखान्याची फी आणि बुडालेला रोज, दोन्ही परवडत नाही. तुम्ही दिली नाही तर समोरचा देतो. हे सगळं खरं आहे.

तरीही काय करता येईल? शेड्यूल एच-१, म्हणजे चिठ्ठी आणि नोंद सक्तीची असलेल्या औषधांची सरकारी यादी, तुम्हाला मी काय सांगू. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम चिठ्ठीशिवाय नाही, रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. ते रजिस्टर अनेक दुकानांत तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलं जातं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आपलं खरं भरा. सगळं एकदम बंद करायला जमणार नाही, तर लहान मुलांच्या जुलाबापासून सुरुवात करा: ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, अँटिबायोटिक सिरप नाही, शौचात रक्त किंवा लेकरू मलूल असेल तर दवाखाना. मग सर्दी-खोकला. 'नाही' म्हणण्याऐवजी 'आज पॅरासिटामॉल घ्या, तिसऱ्या दिवशी ताप असला तर डॉक्टरकडे जा, मी फोन करून ठेवतो' असं म्हटलं तर गिऱ्हाईक तुटत नाही असं मला एका जुन्या केमिस्टने सांगितलं होतं. एकट्याने केलं तर धंदा समोर जाईल, म्हणून तालुक्याच्या केमिस्ट संघटनेच्या बैठकीत हा विषय काढा. केरळात २०२४ पासून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकण्यावर सरकारने दुकानांच्या तपासण्या लावून कडक पहारा ठेवला. आबांची गोष्ट बैठकीत सांगायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मी असते तर सांगितली असती.

पैशाचं तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, एक एकर गहाण पडली. आता उशीर झाला आहे, पण इतर वाचकांसाठी: भरती होतानाच, ऑपरेशनच्या आधी, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.

ज्यांचं माणूस आज आयसीयूत आहे त्यांनाही दोन शब्द. 'कडक इंजेक्शन द्या' असा आग्रह धरू नका. त्याऐवजी विचारा: अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर पाठवलं का? रिपोर्ट आल्यावर औषध बदललं का, कमी केलं का? आज कुठली नळी काढता येईल? हे रोज विचारलं तर कुणी रागावलं तरी चालेल. आणि जीप भरून भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना खाटेवर बसू देऊ नका. नारळपाणी बाहेरच ठेवायला सांगा. आत जाताना-येताना हात चोळायला लावा, मग तो मामा असो की सरपंच.

आबांचं घरी आल्यावर काय पाहायचं ते सांगते. नुसती लघवी गढूळ झाली, वास आला, म्हणून कल्चर करत बसू नका. पाणी जास्त पाजा. पण थंडी वाजून ताप, एकाएकी बरळणं, कंबरेत कळ, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. आणि निघताना कल्चरचे रिपोर्ट सोबत घ्या. ते दाखवले तर भरती करून घेणार नाहीत या भीतीने लोक रिपोर्ट लपवतात. लपवले की पुन्हा तेच होतं: अंदाजाचं औषध, वाया गेलेले तीन दिवस, आणि शेजारच्या खाटेला लागण. हा जंतू पोटात काही महिने राहू शकतो, कधी वर्षभरही. तेवढा काळ फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: मेरोपेनेमला दाद न देणारा क्लेबसिएला, कुठल्या महिन्यात, शेवटी कुठल्या औषधाने उतरला. रिपोर्टचे फोटो तुमच्या, भावाच्या आणि बहिणीच्या, तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. शुगर आठवड्यातून दोनदा तपासा, दुकानात मशीन आहेच. पाठीच्या जखमेसाठी दर दोन तासांनी कूस बदलायची, वेचणीच्या गडबडीत हे पहिलं विसरलं जातं.

नळीबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते तेवढं कळवा.